दार परतीचं बंद होतं

पत्र

मी बरीच वर्षं टोकियोत, निशी-कासाईला राहतो. आयटीत नोकरी. मार्च २०२० च्या सुरुवातीला वडिलांच्या बायपाससाठी पुण्याला आलो आणि अडकलो. आधी विमानं बंद झाली, मग मे अखेरीस जपानने भारताचं नाव बंदीच्या यादीत घातलं. वर्क व्हिसा चालू, घरभाडं चालू, पगारातून कर कापला जातोय, बायको आणि चार वर्षांची मुलगी तिकडे. पण मला आत घेईनात. माझ्याच प्रोजेक्टवरचा जपानी सहकारी मात्र दिल्लीहून खास विमानाने घरी गेला. मी ऑगस्टच्या शेवटी कसाबसा पोचलो.

मे २०२१ मध्ये आईला कोविड झाला. त्याच आठवड्यात जपानने भारतातून येणाऱ्या रहिवाशांना पुन्हा दार लावलं. मी गेलो नाही. आई गेली. वैकुंठ स्मशानभूमीतलं सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. फोन दादाने धरला होता. मधेच त्याचा हात खाली गेला आणि बराच वेळ मला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. 'तू आला नाहीस' एवढंच म्हणतो. मला येऊच दिलं नाही, हे त्याला पटत नाही. मी त्याला त्या वेळच्या नियमांचे स्क्रीनशॉटसुद्धा पाठवले.

आता मला तिथली परमनंट रेसिडेन्सी मिळाली आहे. वडील एकोणऐंशीचे आहेत. मी जपानी नागरिकत्व घ्यायचं ठरवलंय, म्हणजे पुन्हा कुणी मला दाराबाहेर उभं करणार नाही. बायको म्हणते, ज्यांनी तुला बाहेर ठेवलं त्यांचाच पासपोर्ट घेणार का? तिचा ठाम नकार आहे. मी चुकतोय का?

उत्तर

जपानी नागरिकत्व घेण्यात चूक काहीच नाही. पण ज्या कामासाठी तुम्ही ते घ्यायला निघालात, ते काम तो पासपोर्ट अर्धंच करेल. उरलेलं अर्धं भारताच्या बाजूने अडेल. ते कसं, हे सांगतेच. त्याआधी तुमच्या रागाबद्दल, कारण तो खरा आहे आणि इकडच्या मंडळींना तो नीट कळलेला नाही. 'व्हिसा आहे ना, मग अडचण काय' असंच पुष्कळांना वाटतं.

३ एप्रिल २०२० ला जपानने ७३ देश आणि प्रदेशांची यादी लागू केली. आधीच्या १४ दिवसांत तिथे राहिलेल्या परदेशी माणसाला प्रवेश नाही. यादी वाढत गेली, २७ मे रोजी तीत भारत आला आणि आकडा १११ वर गेला. आधार होता त्यांच्या इमिग्रेशन कायद्याच्या पाचव्या कलमाचा. देशाच्या हिताला बाधा येईल असं वाटलं तर परदेशी व्यक्तीला उतरू न देण्याची तरतूद त्यात आहे. त्या कलमाच्या लेखी आठ दिवस फिरायला आलेला पर्यटक आणि तिथे वर्षानुवर्षं कर आणि पेन्शनचे हप्ते भरणारा माणूस यांत फरक नाही. दोघेही परदेशी. २०१९ च्या अखेरीस जपानमध्ये असे २९ लाखांहून जास्त परदेशी रहिवासी होते, त्यांत सुमारे ४० हजार भारतीय. त्यांच्यापैकी जे त्या दिवसांत बाहेर होते ते बाहेरच राहिले. जपानी नागरिक मात्र त्याच देशातून येऊन, चाचणी देऊन, क्वारंटाइन पाळून घरी जात होते. संसर्गाच्या हिशेबाने याला काही अर्थ नव्हता. टोकियोतल्या अमेरिकी आणि युरोपीय व्यापारी संघटनांनीही तेव्हा उघड नाराजी व्यक्त केली होती. जी-७ या श्रीमंत देशांच्या गटात बाकी कुणी आपल्या कायदेशीर रहिवाशांना असं ताटकळत ठेवलं नव्हतं.

रहिवाशांमध्येही पुन्हा पायऱ्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाआधीपासून तिथे असलेल्या कोरियन वगैरे कुटुंबांचे वंशज, ज्यांना विशेष स्थायी रहिवासी म्हणतात, त्यांना ही बंदी नव्हतीच. तुमच्याकडे आता जी परमनंट रेसिडेन्सी आहे ती असणाऱ्यांना, आणि जपानी माणसाशी लग्न झालेल्यांना, मधली पायरी. आपला देश यादीत येण्याआधी जपानबाहेर पडला असाल तर परत या. नंतर पडला असाल तर नाही. वर्क व्हिसावाले सगळ्यांत खाली. त्यांच्यासाठी ५ ऑगस्टपासून दार किलकिलं झालं आणि १ सप्टेंबरपासून सगळ्या रहिवाशांना परतता येऊ लागलं, तेही जपानी वकिलातीचं पत्र आणि निघण्याआधी ७२ तासांतली चाचणी घेऊन. तुम्ही ऑगस्टच्या शेवटी पोचलात ते त्या पहिल्या फटीतून.

मग मे २०२१. १४ मेपासून भारत, पाकिस्तान आणि नेपाळमधून येणाऱ्या रहिवाशांना बंदी, थोड्याच दिवसांत बांगलादेश, श्रीलंका, मालदीवही त्यात. ती उठली सप्टेंबरमध्ये. म्हणजे तुम्ही मेच्या मध्याला निघाला असतात तर चार महिने इकडे राहावं लागलं असतं, आणि ते चार महिने आहेत हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आता असलेली परमनंट रेसिडेन्सी तेव्हा असती तरी फरक पडला नसता, कारण तुम्ही बंदी लागल्यावर निघाला असतात.

आता पासपोर्टाचा हिशेब करू. मे २०२१ पुरतं बोलायचं तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. जपानी पासपोर्ट आणि सोबत ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते आजन्म व्हिसाचं कार्ड) असतं, तर तुम्ही पुण्याला जाऊन परत येऊ शकला असतात. ठरवून दिलेल्या हॉटेलात क्वारंटाइनचे दिवस काढावे लागले असते, इतकंच. पण हेच कागद घेऊन एक वर्ष मागे जा. १३ मार्च २०२० पासून भारताने ओसीआयवाल्यांची व्हिसाशिवाय येण्याची सवलत स्थगित केली होती. इथे जन्मलेले, इथे शिकलेले, आईवडील इथेच असलेले लोक न्यू जर्सीत आणि लंडनमध्ये आजन्म व्हिसाचं ते कार्ड हातात धरून बसले होते. २२ मे रोजी थोडी ढील मिळाली. घरातल्या कुणाच्या मृत्यूसारखी आपत्ती असलेले, परदेशात जन्मलेली भारतीयांची लहान मुलं, अशा ठरावीकांनाच. सगळ्या ओसीआयवाल्यांना दार उघडलं ते ऑक्टोबर २०२० मध्ये. तुम्ही मार्चच्या सुरुवातीला आलात म्हणून कुठल्याही पासपोर्टावर पोचला असतात. वडिलांचं ऑपरेशन दोन आठवडे पुढे गेलं असतं आणि तुमच्याकडे जपानी पासपोर्ट असता, तर वडील पुण्यात आणि तुम्ही टोकियोत, असं झालं असतं. भारतीय पासपोर्टावर निदान २२ मार्चपर्यंत, विमानं थांबेपर्यंत, धडपड करता आली असती.

म्हणजे एक दार पक्कं करायला गेलात की दुसऱ्याची कडी सैल होते. दोन्ही पासपोर्ट एकदम ठेवायची सोय नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम स्पष्ट आहे, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं. जपानही नागरिकत्व देताना आधीचं सोडायला लावतो.

बरं, नागरिकाला तरी कुणी अडवत नाही असं आहे का? ऑस्ट्रेलियाने मे २०२१ मध्ये भारतातून येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही मनाई केली. ३ मेपासून १५ मेपर्यंत. मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड अशी तरतूद होती. न्यूझीलंडने त्याआधी एप्रिलमध्ये, ११ ते २८ तारखेपर्यंत, तेच केलं होतं, फक्त तुरुंगाची भाषा न करता. आणि आपण स्वतः? २२ मार्च २०२० ला आंतरराष्ट्रीय विमानं थांबली ती ७ मेला अडकलेल्यांना आणणारी 'वंदे भारत' मोहिमेची उड्डाणं सुरू होईपर्यंत लाखो भारतीय नागरिक भारताचा पासपोर्ट खिशात घेऊन बाहेरच होते. नागरिकाचा हक्क रहिवाशापेक्षा पक्का असतो, हे खरं. पण अशा दिवसांत रात्री दहाला परिपत्रक निघतं आणि त्याच मध्यरात्री लागू होतं. पुढच्या वेळी त्यात कोणत्या देशाचं नाव असेल, हे आज कुठला वकील सांगू शकणार नाही.

जपानी नागरिकत्व घ्यायची चांगली कारणं आहेत आणि ती तुमच्या पत्रात एकदाही आली नाहीत, याचं मला नवल वाटलं. तिथे तुम्हाला मत देता येईल. परमनंट रेसिडेन्सीवर ते नाही. कार्डाची मुदत, इमिग्रेशनच्या चकरा, बाहेर जाताना परतीची परवानगी, हे सगळं संपेल. म्हातारपण तिथेच काढायचं असेल तर ती मोठी निश्चिंती आहे. उलट बाजूला भारतातलं मत जाईल. गावाकडे शेतजमीन विकत घेता येणार नाही, वारसाने आली तर गोष्ट वेगळी. आणि दर वेळी पुण्याला उतरताना तुम्ही परक्यांच्या रांगेत असाल, भले ओसीआयच्या का असेना. हे सगळं तोलून घ्यायचं असेल तर जरूर घ्या. पण २०२१ च्या मे महिन्याला आज उत्तर म्हणून घेणार असाल, तर थोडं थांबा असंच मी म्हणेन.

बायकोचं वाक्य रागाचं आहे, पण त्यात तिचंही काही आहे. तुम्ही पुण्यात अडकलेले असताना चार वर्षांची मुलगी घेऊन ती तिकडे एकटी होती. त्या महिन्यांबद्दल पत्रात तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही. तिला विचारा. आणि हा निर्णय दोघांनी सारखाच घ्यायला हवा असंही नाही. तुम्ही जपानी झालात आणि तिने भारतीय पासपोर्ट ठेवला, तर घरातलं निदान एक माणूस दोन्हीपैकी कुठल्याही दारातून आत जाऊ शकेल. हे मी गुळमुळीत तोडगा म्हणून सांगत नाहीये. त्याचीही किंमत आहे. २०२० मध्ये जपानी नवरा आत आणि परदेशी बायको बाहेर, अशी कुटुंबं विमानतळावरच तुटली होती. पण एकमेकांवर गद्दारीचा आरोप करण्यापेक्षा हा विचार करण्यासारखा आहे. मुलीला मात्र यात घाईने ओढू नका. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाचा अर्ज आईवडीलच करतात, म्हणजे तिचं मत कुणी विचारणारच नाही.

आता दादा. खरं पत्र तुम्ही याबद्दल लिहिलंय, नागरिकत्व हे निमित्त आहे असं मला वाटतं.

तुमच्या पत्रात 'मी गेलो नाही' आहे आणि 'मला येऊच दिलं नाही' हेही आहे. यातलं दुसरं खरं नाही. जपानने तुम्हाला जायला अडवलं नव्हतं, परत यायला अडवलं होतं. भारतानेही अडवलं नव्हतं. भारतीय नागरिक म्हणून तुम्ही कधीही उतरू शकत होतात आणि विमानं, थोडी का होईना, होती. त्या आठवड्यात तुमच्यापुढे निवड होती. आईकडे जायचं आणि बायको-मुलीपासून किती महिने ते ठाऊक नसताना दूर राहायचं, नोकरी टिकेल की नाही हेही ठाऊक नाही. किंवा तिथेच थांबायचं. तुम्ही थांबलात. असली निवड करायला लावणारा नियम क्रूर होता आणि तो तुम्ही केला नव्हता. निवड मात्र तुमची होती. ती चुकली असं मी म्हणणार नाही. एकदा जवळपास सहा महिने ताटातूट भोगलेला माणूस दुसऱ्यांदा ती ओढवून घेत नाही, यात दोष कसला? पण 'येऊच दिलं नाही' म्हणून तुम्ही ती निवड नियमाच्या अंगावर ढकलता आणि दादाला ते बरोबर कळतं. म्हणून स्क्रीनशॉट उपयोगी पडत नाहीत. तो नियमाबद्दल बोलतच नाहीये.

तो कशाबद्दल बोलतोय, ते त्या दिवसांत पुण्यात असलेल्या कुणालाही विचारा. बेडसाठी फोन, रेमडेसिव्हिरसाठी औषधांच्या दुकानांबाहेरच्या रांगा, ऑक्सिजनचं काय होणार याची धास्ती. वॉर्डात आत सोडत नव्हते; बाहेरून डबा आणि मोबाइलचा चार्जर आत द्यायचा आणि संध्याकाळच्या फोनची वाट बघायची. शेवटी पीपीई किटमधली माणसं सगळं करणार आणि घरच्यांनी लांब उभं राहायचं. तुमच्या दादालाही आई जवळून दिसली नसण्याचीच शक्यता जास्त. हे सगळं त्याने एकट्याने केलं, वर तुम्हाला दिसावं म्हणून फोनही धरून उभा राहिला. तो हात खाली का गेला असेल, याचा विचार तुम्ही केलाच असेल.

तेव्हा त्याला फोन करा, मेसेज नको. तारखा सांगू नका, कलम सांगू नका. सरळ म्हणा, 'दादा, मी येऊ शकत होतो. परत जाता आलं नसतं. तिकडे या दोघी होत्या, मी त्यांच्याजवळ राहिलो. तू सगळं एकट्याने केलंस.' पुढे 'पण' लावू नका. तो चिडेल कदाचित, बोलेल काहीतरी लागेल असं. ऐकून घ्या. माफी मागायची की नाही ते त्या फोनवर तुमचं तुम्हालाच कळेल.

राहिला वडिलांचा प्रश्न. त्यासाठी नागरिकत्वाच्या निकालाची वाट बघायची गरज नाही. तो अर्ज आज केलात तरी वेळ घेणारा आहे. आत्ता जपानबाहेर जाताना विमानतळावरच्या फॉर्मवर परत येणार असल्याची छोटी चौकट असते, तीत खूण करून तुम्ही जाता. त्या सवलतीची मुदत एकच वर्ष, आणि परदेशात बसून ती वाढवता येत नाही. वर्ष उलटलं की परमनंट रेसिडेन्सी गेली. अडकलेल्या काही लोकांना हे फार उशिरा कळलं. त्याऐवजी शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसात जाऊन रीतसर री-एंट्री परमिट काढून ठेवा. पासपोर्टात लागतं, पाच वर्षांपर्यंतचं मिळतं, आणि खरंच अडचण आली तर भारतातल्या जपानी वकिलातीत वर्षभर वाढवून मागता येतं. लक्षात घ्या, २०२० सारखी बंदी आली तर हे परमिट ती मोडत नाही. तुमचा दर्जा तेवढा जिवंत ठेवतं.

दुसरं, माणुसकीच्या कारणासाठी दिलेली सूट. जून २०२० मध्ये जपानच्या न्याय मंत्रालयाने काही उदाहरणं जाहीर केली होती. अत्यवस्थ नातेवाईकाला भेटायला किंवा अंत्यविधीला गेलेला, परदेशी रुग्णालयात ऑपरेशन किंवा बाळंतपणासाठी गेलेला, न्यायालयाने साक्षीला बोलावलेला. सूट होती, पण ती मागणाऱ्याने नातं आणि कारण कागदावर सिद्ध करायचं होतं, तेही निघण्याच्या गडबडीत. भारतीय पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव असतं, त्यावर काम भागेल असं आपण धरून चालतो. जपानी पासपोर्टावर ते नसतं. म्हणजे नागरिकत्व घेतलंत आणि उद्या ओसीआयवर येताना अशीच सूट भारताकडे मागायची वेळ आली, तर तुमचे वडील हे तुमचे वडील आहेत, हे दाखवणारा वेगळा कागद जास्तच लागेल.

तो कागद म्हणजे जन्मदाखला. तुमच्या वयाच्या बऱ्याच जणांच्या महापालिकेच्या दाखल्यात आईवडिलांची नावं असतात आणि बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. तुमचा काढून बघा. कोरी असेल तर नाव घालून घेता येतं का ते महापालिकेत विचारा, शाळा सोडल्याचा दाखला वगैरे जवळ ठेवून. वडिलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडून सध्याच्या तब्येतीचं इंग्रजीतलं पत्रही घेऊन ठेवा आणि दर वर्षी नवं घ्या. या कामांसाठी पुण्यातलं कुणीतरी लागेल, महापालिकेत दोन-तीन चकरा होतील. ते दादाला सांगा, पण पहिल्या फोनवर नको, दुसऱ्या फोनवर. खर्च तुम्ही करा. आणि त्याला जमणार नसेल, तर येत्या सुट्टीत तुम्ही स्वतः येऊन त्याच्यासोबत त्या खिडकीपुढे उभे राहा.